माणसे हलतात, दवाखाने हलत नाहीत

दिवाळीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर कधी गेला आहात का? पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतल्या चार माणसांना त्यांचे मूळ गाव विचारा. एक जण जालना सांगेल, दुसरा परभणी, तिसरा कदाचित बिहारमधले एखादे गाव.

हे शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते, तेव्हा १९६१ साली तेथे सुमारे ८८ हजार लोक राहत. पुढे चिकलठाणा आणि वाळूज येथे कारखाने आले, शहराची हद्द वाढली, कामासाठी माणसे येत राहिली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. म्हणजे पन्नास वर्षांत तेरा पटींहून अधिक!

एवढ्या माणसांना दवाखाने किती हवेत, हे कसे ठरवतात? त्याचे एक साधे गणित आहे. खेड्यांत साधारण ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. शहरात ५० हजारांमागे एक नागरी आरोग्य केंद्र धरतात. या निकषाने पावणेबारा लाखांना किती केंद्रे लागतील, ते तुम्हीच काढा. उत्तर येईल चोवीस.

पण या गणितात एक मेख आहे. माणसे मोजायची ती जनगणनेत, आणि जनगणना होते दहा वर्षांनी. २०२१ ची जनगणना तर कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलावी लागली. मधल्या काळात आलेली माणसे कागदावर नसतात, दवाखान्याच्या रांगेत मात्र असतात. शहरातील शासकीय रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या ‘घाटी’त, शहराबाहेरचे रुग्णही मराठवाडाभरातून येतात. मग खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या, तर त्यात नवल ते काय?

ही झाली येऊन राहणाऱ्यांची गोष्ट. आता दर वर्षी जाऊन परत येणाऱ्यांकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांच्यासोबत लहान मुलेही असतात. पाच-सहा महिने मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत.

समजा, निघताना बाळ सात महिन्यांचे आहे. गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तेव्हा बाळ असते साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या शिवारात. गावच्या आरोग्यसेविकेच्या यादीत त्याचे नाव आहे, पण बाळ तेथे नाही. फडाजवळच्या केंद्रापाशी बाळ आहे, पण यादीत नाव नाही. दोन याद्यांच्या मधल्या फटीतून बाळ निसटते!

एका बाळाची लस राहिली, तर एवढे काय बिघडले? आणखी एक गणित करू. गोवर फार झपाट्याने पसरतो. कोणालाच संरक्षण नसेल, तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देतो. आपण १५ धरू. शंभरांपैकी ९५ मुलांना संरक्षण असेल, तर त्या पंधरांतले सरासरी एकाहून कमीच आजारी पडतील आणि साथ विझेल. पण ८० जणांनाच संरक्षण असेल, तर एकाचे तीन होतील, तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस! २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली. तिच्यात लहान मुले दगावली.

म्हणजे बाहेरून आलेली माणसे आरोग्यसेवेवर ओझेच का? नाही. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. पुढे तेथे मनुष्यबळ कमी पडले, तेव्हा भारतातून आणि वेस्ट इंडीजमधून गेलेल्या डॉक्टर-परिचारिकांनी ती सेवा सावरली. आपल्याकडील कितीतरी रुग्णालयांत केरळच्या परिचारिका आहेत. येणारा माणूस कधी रुग्ण असतो, तर कधी रुग्णाची सेवा करणारा. खरी उणीव आहे ती मोजणीत आणि नोंदीत.

यावर उपायही आहे. पोलिओच्या मोहिमेत कार्यकर्ते वीटभट्ट्या, बांधकामे आणि उसाचे फड शोधत गेले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या पायपिटीचा मोठा वाटा आहे. बाळाची लस कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, मग गाव कोणतेही असो. बाळाचे लसीकरण कार्ड तेवढे सोबत हवे.

तुमच्या घराजवळ एखाद्या इमारतीचे बांधकाम चालू असेल. तेथे खेळणाऱ्या लहानग्याचे कार्ड त्याच्या आईकडे आहे का, हे आई-बाबांना बरोबर घेऊन विचारून या. नसेल, तर जवळच्या केंद्राची वाट दाखवा. दवाखाना हलू शकत नाही, पण तेथवर सोबत तर आपण करू शकतो!