गावचे मोबाइल मंडळ

मंडळी, आपल्या गावात भजनी मंडळ आहे. गणपतीचे मंडळ आहे. बायकांचा बचत गट आहे. आता आणखी एक मंडळ काढू या. मोबाइल मंडळ!

तुम्ही म्हणाल, "मोबाइलला मंडळ कशाला? तो तर ज्याच्या त्याच्या खिशात आहे."

खरे आहे. पण तो खिशात येऊन फार दिवस झाले नाहीत. हातात धरून बोलण्याच्या फोनवरून पहिला फोन झाला तो अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. तो दिवस होता ३ एप्रिल १९७३. फोन करणाऱ्याचे नाव मार्टिन कूपर. आपल्या देशात पहिला मोबाइल फोन झाला ३१ जुलै १९९५ रोजी. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले. दिल्लीत मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळी फोन करायला पैसे पडत, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. मोबाइल ही श्रीमंताची वस्तू होती.

आज तो गुराख्याजवळ आहे आणि सरपंचाजवळही आहे. फोन आला, पण फोनची विद्या सगळ्यांकडे आली का? नाही आली. म्हणून मंडळ हवे.

आजीचा अंगठा

अशी एक आजी समजा. तिला निराधाराचा पगार मिळतो. दोन वर्षांमागे ती सही करायला शिकली. बँकेत ताठ मानेने सही करते. "आता मी अंगठेबहाद्दर नाही," असे सगळ्यांना सांगते.

पण पगार जमा झाला का, हे फोनवर बघायचे असते. आजी दुकानापाशी जाते. दिसेल त्या पोराला म्हणते, "बाळा, पगार आला का बघ की रं."

पोरगा फोन घेतो. "आजी, पिन सांगा."

आजी चारचौघांत मोठ्याने पिन सांगते. आज या पोराच्या हातात फोन, उद्या त्या पोराच्या. एक दिवस खात्यातले दोन हजार रुपये कमी होतात. कोणी नेले? आजी कोणाचे नाव घेणार? दहा जणांनी फोन हाताळला आहे, वीस जणांनी पिन ऐकला आहे.

बघा, आजीने कागदावरचा अंगठा सोडला. पण फोन दुसऱ्याच्या हातात देणे, हाही अंगठाच आहे. दुसरा काय करतो ते आपल्याला कळत नाही, आणि झालेले मात्र आपल्या नावावर होते.

हा नवा अंगठा सोडवायचा आहे. मोबाइल मंडळाचे खरे काम तेच.

मंडळ कोणी काढावे?

प्रत्येक गावात दोन-चार हौशी पोरे असतात. नवा फोन आला की त्यांना आधी कळते. कोणता कॅमेरा चांगला, कोणती बॅटरी जास्त टिकते, हे त्यांना तोंडपाठ असते. लोक म्हणतात, "पोरं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसतात." पण हीच पोरे मंडळाचे बियाणे आहेत. त्यांची हौस आणि गावाची गरज यांची गाठ घालायची.

मात्र एक लक्षात ठेवा. हौशी लोक जमले की आपापले फोन दाखवत बसतात. "माझा बघ, तुझ्यापेक्षा भारी." मग साधा फोनवाला शेतकरी लाजतो. बायका येत नाहीत. दोन महिन्यांत मंडळ बंद पडते. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवा. मंडळात फोनची किंमत विचारायची नाही. बटणाचा फोनही चालेल. हौशी मंडळींनी आपल्या नव्या वस्तू जरूर दाखवाव्यात, पण शेवटच्या दहा मिनिटांत.

जागा आणि वेळ

जागा शाळेची खोली असो, समाजमंदिर असो की वाचनालय असो. तिथे तीन गोष्टी हव्यात. उजेड हवा. फोनला रेंज हवी. चार्जिंगला एक बोर्ड हवा.

आठवड्यातला एक दिवस ठरवा. बाजाराचा दिवस नको. वेळ एक तास पुरे. सुरुवातीला दहा-पंधरा माणसे खूप झाली. भजनी मंडळ टाळ-मृदंगावर टिकत नाही. ते ठरल्या वारी, ठरल्या वेळी जमण्यावर टिकते. मोबाइल मंडळाचेही तसेच आहे. दोनच माणसे आली तरी दार उघडा.

बायकांना कोणती वेळ सोयीची, ते त्यांनाच विचारा. दुपारची वेळ बरी पडत असेल, तर त्यांची बैठक दुपारी घ्या. शिकवायला शक्यतो गावचीच एखादी शिकलेली सून किंवा लेक असावी.

पहिला नियम

मंडळाचे बाकीचे नियम पुढे-मागे बदलले तरी चालतील. एक नियम बदलायचा नाही. तो असा: फोन मालकाच्याच हातात राहील.

शिकवणारा पोरगा घाई करतो. "द्या इकडं आजी, मी करून देतो."

"नाही. बोट आजीचे, सांगणे तुझे."

यात वेळ जातो. आजी चुकीच्या जागी बोट ठेवते. चित्र नाहीसे होते. आजी घाबरते. घाबरू द्या, पण फोन ओढून घेऊ नका. तुम्ही अक्षरे शिकलात ते आठवा. गुरुजींनी तुमच्या पाटीवर स्वतःच लिहिले असते, तर तुम्हाला लिहिता आले असते का? आज करून दिले, तर आजी उद्या पुन्हा येईल. आज शिकवले, तर उद्या ती शेजारणीला शिकवील.

आणि पिन सांगायचा नाही. शिकवणाऱ्यालाही नाही. आजी पिन दाबील तेव्हा शिकवणाऱ्याने तोंड फिरवावे. यात राग कसला? शेजारी तिजोरी उघडू लागला, तर आपण नजर वळवतोच ना?

महिन्याचे चार धडे

पहिला आठवडा फोनच्या ओळखीचा. अक्षरे मोठी कशी करायची, आवाज कसा वाढवायचा, कुलूप कसे लावायचे. घरच्यांचे नंबर नावासह कसे साठवायचे. अडचणीच्या वेळी ११२ कसा लावायचा. हा एकच नंबर पोलिसांसाठी आणि इतर तातडीच्या मदतीसाठी आहे.

दुसरा आठवडा वाचण्याचा. आलेला संदेश स्वतः वाचायचा. बँकेचा संदेश वाचताना जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे आकडे शोधायचे. नव्याने वाचायला शिकलेल्यांना याहून चांगला सराव नाही.

तिसरा आठवडा शेतीचा. किसान कॉल सेंटरचा नंबर आहे १८००-१८०-१५५१. तो लावायला पैसे पडत नाहीत. पिकाची अडचण आपल्या भाषेत विचारता येते. सातबारा फोनवर बघता येतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी शेतात उभा राहून फोटो काढतो आणि आपले पीक स्वतः नोंदवतो. पुण्याच्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. आसपास वीज पडण्याचा धोका असेल, तर ते सूचना देते. सूचना आली की झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा.

चौथा आठवडा फसवणुकीचा. त्यावर जरा सविस्तर बोलू.

ठकाचे नाटक

फसवणुकीवर भाषण देऊ नका. नाटक करा. मंडळातल्या एका पोराला ठक करा. त्याने कोपऱ्यात उभे राहून दुसऱ्याला फोन लावावा.

"हॅलो, काका, मी बँकेतून बोलतोय. तुमचे पाच हजार जमा करायचे आहेत. पिन टाका."

काका काय करतात ते सगळ्यांनी बघावे. मग थांबून विचारावे, "पैसे घ्यायला पिन लागतो का?"

लागत नाही! पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. हे वाक्य खडूने फळ्यावर लिहा आणि सगळ्यांनी वाचा.

दुसऱ्या दिवशी दुसरा ठक उभा करा. तो लग्नपत्रिका पाठवतो. नंबर अनोळखी. पत्रिका उघडायला गेले की ते पत्रिकेचे चित्र नसतेच. तो फोनमध्ये शिरणारा चोर असतो. तो आपले संदेश वाचतो, ओटीपीही वाचतो. म्हणून पत्रिका कोणाची ते आधी विचारावे. ओळख पटली नाही, तर उघडू नये.

तिसरा ठक पोलिसाच्या वेशात येतो. "तुमच्या नावावर गुन्हा आहे. फोन बंद करू नका. तुम्हाला फोनवरच अटक केली आहे." अशी अटक कायद्यात नाही. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. पैसेही मागत नाहीत. फोन ठेवून द्यावा.

तरी कोणी फसलाच, तर लाजू नये. घरात लपवू नये. ताबडतोब १९३० हा नंबर लावावा. हा फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. मंडळातही त्याला कोणी हसू नये. जो हसतो, त्याच्यामुळे पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

फोनची निगा

फोन उन्हात ठेवू नका. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फुगली असेल, तर तो फोन वापरू नका. बॅटरीला टोचू नका, चुलीत टाकू नका. तिचा भडका उडतो.

फोन पाण्यात पडला तर आधी बंद करा. पुसून घ्या. वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. बरेच लोक तांदळात ठेवतात. तसे करू नका. तांदळाची पूड आणि बारीक कण आत शिरतात.

प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा स्वतःचा नंबर असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. सगळ्यांनी तो घरच्या वहीत लिहून ठेवावा. फोन चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार द्यावी. मग सरकारच्या 'संचार साथी' या सोयीतून तो फोन बंद पाडता येतो.

दोन वह्या

मंडळात दोन वह्या ठेवा. एक पैशाची, एक अडचणींची.

वर्गणी थोडी असावी. घेतलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी वहीत लिहावा. महिन्याच्या शेवटी हिशेब सगळ्यांसमोर वाचावा. मंडळे भांडणाने मोडतात, आणि भांडण बहुधा न लिहिलेल्या पैशाचे असते. मंडळात कोणी फोन विकायचे नाहीत. अमक्याच दुकानातून घ्या, असेही सांगायचे नाही.

अडचणींच्या वहीत कोणाची काय अडचण होती आणि ती कशी सुटली, हे लिहावे. वर्षभरात ती वहीच गावचे पुस्तक होईल. पिन, ओटीपी किंवा खात्याचा नंबर मात्र कोणत्याही वहीत लिहू नये.

अफवा आणि विसावा

मंडळाचा व्हॉट्सॲप गट निघतोच. त्यालाही शिस्त हवी. खात्री नसलेला मजकूर पुढे पाठवायचा नाही. ही लहान गोष्ट नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा गावी जमावाने पाच माणसांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा फोनवरून फिरत होती. मेलेले पाचही जण निरपराध होते. भिक्षा मागून पोट भरणारे होते. एका बोटाने पाठवलेली खोटी बातमी माणसाचा जीव घेते.

आणि फोन बाजूला ठेवायलाही शिकावे. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली त्या गावाने ठरवले की, संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, घरच्यांनी एकमेकांशी बोलायचे. आपल्या मंडळालाही असे काही ठरवता येईल. ज्याला फोन बंद करता येतो, तोच फोनचा खरा मालक.

शेवटी एवढेच

मंडळ चांगले चालले हे कशावरून ओळखायचे? किती नवे फोन आले, यावरून नव्हे. दुकानापाशी फोन पुढे करून "बघ की रं" म्हणणारी माणसे किती कमी झाली, यावरून.

एक दिवस कोणी पोरगा आजीला म्हणेल, "आजी, द्या, पगार बघून देतो."

आजी फोन पदराआड घेईल आणि म्हणेल, "राहू दे बाळा. माझं मी बघते."

त्या दिवशी आजीचा अंगठा खरा सुटला.

बोला आणि ठरवा

१. तुमचा फोन गेल्या महिन्यात किती जणांच्या हातात गेला?
२. पैसे घेताना पिन लागतो का?
३. आपल्या गावात मंडळासाठी कोणती जागा आणि कोणता वार बरा पडेल?