गिनीपिगचे केस का गळतात?

वाघोली हे पुणे–नगर रस्त्यावरचे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. तेथील एखाद्या सदनिकेत पाळलेल्या गिनीपिगचे केस गळू लागले, तर मूल आपल्या विज्ञानशिक्षकांनाच विचारणार, ‘सर, याला काय झालं?’ घरात कोणी खोबरेल तेल सुचवील, कोणी मलम. पण केस गळणे हा रोग नसून लक्षण आहे. कारण शोधायला तीन प्रश्न उपयोगी पडतात. प्राणी खाजवतो का? केस नेमके कोठले गेले? सोबतच्या प्राण्यांना किंवा माणसांना काही झाले का? (कानांमागे केस नसलेली लहान जागा मात्र प्रत्येक गिनीपिगला असते. ती नैसर्गिक आहे.)

प्राणी सतत खाजवत असेल, पाठीवर-मांड्यांवर खपल्या धरल्या असतील, तर खरजेचा संशय घ्यावा. ‘ट्रिक्झाकॅरस’ नावाचा, डोळ्यांना न दिसणारा अष्टपाद जीव त्वचेत बिळे करतो. खाज इतकी तीव्र असते की प्राण्याला झटकेही येतात. उवा मात्र केसांत नुसत्या डोळ्यांनी दिसतात. नाक, डोळे व कान यांच्याभोवती गोल, कोंडा धरलेले चट्टे असतील, तर ते बहुधा गजकर्ण असते. ही बुरशी मुलांनाही होते, म्हणून प्राण्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

खाज नाही, पण दोन्ही कुशींवर सारखेच टक्कल पडले आहे आणि प्राणी वयस्क मादी आहे, तर बीजांडकोशात द्रवाने भरलेल्या गाठी झालेल्या असू शकतात. केस कातरल्यासारखे तुटलेले असतील, तर प्राणी स्वतःचे किंवा सोबत्याचे केस कुरतडत असतो. गर्दी, कंटाळा आणि वाळल्या गवताची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे.

आता आहाराकडे वळू. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. माणसाला व गिनीपिगला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे शेवटचे विकर दोघांच्याही शरीरात बनत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट व फ्रोलिख यांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. उंदरांवर हा प्रयोग केला असता तर काहीच दिसले नसते! या जीवनसत्त्वाअभावी केस राठ होतात, जखमा भरत नाहीत, सांधे सुजतात. निरोगी प्राण्याला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. आजारी वा गाभण असता अधिक. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची लहानशी फोड यांतून ते मिळते. साठवलेल्या तयार खाद्यातले व पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर नष्ट होते.

बाहेरचे परजीवी या प्राण्यावर सहज येतात, याचा उपयोग मुंबईतील संशोधकांनी शंभर वर्षांपूर्वी करून घेतला होता. १९०५ नंतरच्या प्लेग-संशोधनात लागण झालेल्या घरांमध्ये गिनीपिग मोकळे सोडत. उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर जमत आणि त्यांनाही प्लेग होई. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, याला त्यातून बळकटी मिळाली. पाळीव गिनीपिगवर परजीवी बहुधा नव्या प्राण्याबरोबर येतात, म्हणून नवा प्राणी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

निदानासाठी पशुवैद्य त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरजेवरचे आयव्हरमेक्टिन वजनानुसार मोजूनच द्यावे लागते. कुत्र्या-मांजरांची औषधे अंदाजाने देऊ नयेत. विशेषतः पेनिसिलीन गटातील औषधे तोंडावाटे कधीही देऊ नयेत. त्यांनी आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि केस गळण्याच्या साध्या तक्रारीने आणलेला प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. मुलांनी तोवर रोज वजन, खाणे आणि चट्ट्यांची जागा वहीत नोंदवावी. पशुवैद्याला या नोंदीचा मोठा उपयोग होतो.