पाट्या शंभर, अक्षरं तीच!

लंडनची भुयारी रेल्वे, हमरस्ता, सरकारी दवाखाना, स्वस्तातलं विमान, कोपऱ्यावरचं करी हाऊस... ब्रिटनभर फिरा, पाट्या बदलतात, फॉन्ट मात्र पुन्हा पुन्हा तेच भेटतात. डिझायनर मंडळी ‘घासून गुळगुळीत झालेत’ म्हणून नाकं मुरडतात. मुरडोत बापडी! या गुळगुळीत अक्षरांचे किस्से भलतेच खमंग आहेत.

गुरूचं कुलपात, शिष्याचं बाजारात

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी फ्रँक पिक या अधिकाऱ्याने एडवर्ड जॉन्स्टनकडून खास अक्षरं काढून घेतली. ती १९१६ मध्ये झळकली. इंग्रजी ‘आय’ आणि ‘जे’ यांच्या डोक्यावरचा ठिपका निरखून बघा. तो गोल नाही, टोकावर उभा केलेला चौकोन आहे. बोरूने लिहिणाऱ्या माणसाची ही खूण. लाल वर्तुळ आणि त्यावरची आडवी निळी पट्टी, हे रेल्वेचं चिन्हही जॉन्स्टननेच घोटून पक्कं केलं. २०१६ मध्ये या अक्षरांची शंभरी भरली (चांगल्या अर्थाने!), तेव्हा नव्या आवृत्तीत हॅशटॅगचं चिन्हही आलं. जॉन्स्टनला बिचाऱ्याला त्याचं काय कौतुक असणार!

पण ही अक्षरं रेल्वेच्या मालकीची, तेव्हा बाहेर विकायला नव्हती. मग बाकीच्यांनी काय करायचं? शिष्याला गाठायचं. जॉन्स्टनचा शिष्य एरिक गिल याने १९२६ मध्ये ब्रिस्टलच्या एका पुस्तकाच्या दुकानाची पाटी रंगवली. ते वळण मोनोटाइप कंपनीच्या स्टॅन्ली मॉरिसनच्या नजरेत भरलं आणि १९२८ मध्ये ‘गिल सॅन्स’चे खिळे बाजारात आले. पुढच्याच वर्षी एलएनईआर या रेल्वे कंपनीने पाट्यांपासून वेळापत्रकांपर्यंत तेच वळण लावलं. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ गाडीची पाटी गिलने स्वतः रंगवली. मोबदला मिळालाच, वर इंजिनावर उभं राहून प्रवासही घडला! १९३५ मध्ये पेंग्विनची पुस्तकं आली, त्यांच्या वेष्टनावरही गिल सॅन्स. १९९७ मध्ये बीबीसीच्या लोगोतले तिरके चौकोन सरळ झाले, आत पुन्हा गिल सॅन्स. चर्चची २००० सालची प्रार्थनापुस्तकंही त्यातून सुटली नाहीत.

गिलच्या चरित्राचं पान मात्र काळं आहे. त्याने आपल्याच मुलींचं लैंगिक शोषण केल्याचं १९८९ मध्ये फिओना मॅकार्थी यांच्या चरित्रग्रंथातून उघड झालं. तेव्हापासून हा फॉन्ट वापरावा की नाही, हा वाद धुमसतो आहे. बीबीसीने २०२१ मध्ये लोगोतून गिलला निरोप दिला, पण कारण व्यवहाराचं होतं. आपल्या पहिल्या महासंचालकाच्या नावाने ‘रीथ’ हा घरचा फॉन्ट करून घेतला की परवान्याचे पैसे वाचतात आणि मोबाइलवर अक्षरंही नीट दिसतात.

खुर्च्या टाकून अक्षरांची परीक्षा

हमरस्त्यांसाठी जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ‘ट्रान्सपोर्ट’ हे वळण केलं. डेव्हिड किंडर्स्लीने त्याला हरकत घेतली आणि स्वतःची अक्षरं पुढे केली. हा किंडर्स्ली गिलचा शिष्य, म्हणजे जॉन्स्टनचा नातशिष्य. घराण्याचा अभिमान ताजा! मग ऑक्सफर्डशायरमधल्या बेन्सनच्या विमानतळावर हवाईदलाच्या जवानांना खुर्च्यांवर बसवलं आणि टपावर पाट्या लावलेली गाडी त्यांच्या दिशेने हाकली. आधी वाचता येईल ती पाटी बरी. किंडर्स्लीची अक्षरं किंचित आधी वाचता आली, पण दिसायला ट्रान्सपोर्ट छान म्हणून माळ तिच्याच गळ्यात पडली. १९६५ पासून देशभर तीच. मला विचाराल तर निकाल बरोबरच लागला.

शाळेजवळच्या पाटीवर लहानग्याचा हात धरून निघालेली मुलगी दिसते ना? ती कॅल्व्हर्टबाईंनी स्वतःच्या बालपणावरून काढली. गाईच्या पाटीवरची गायही खरी; नाव पेशन्स, मुक्काम वॉर्विकशायर. आता गंमत बघा. लेकीकडे लंडनला जायचा व्हिसा काढताना ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर जी अक्षरं दिसतात, ती याच ट्रान्सपोर्टची नवी आवृत्ती. २०१३ मध्ये या वेबसाइटला लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं.

गुबगुबीत, नारिंगी आणि भांडखोर

ईझीजेट या स्वस्त विमान कंपनीच्या विमानावरचं ते गोबरं अक्षर म्हणजे ‘कूपर ब्लॅक’. जन्म शिकागोचा, विसाच्या दशकातला. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या नावातही तेच. १९९५ मध्ये ईझीजेट सुरू झाली तेव्हा विमानाच्या अंगावर तिकिटांसाठीचा फोन नंबरच या थाटात रंगवला होता. नावाची मालक कंपनी मात्र अक्षरांइतकी गुबगुबीत स्वभावाची नाही. ‘ईझी लाइफ’ नावाच्या लेस्टरच्या बँडला तिने २०२३ मध्ये कोर्टाची पायरी दाखवली. पोरांनी नाव बदलून ‘हार्ड लाइफ’ केलं!

सगळेच गोरेगोमटे, सगळेच सारखे

अतिवापराचा खरा कंटाळा येतो तो फॅशनवाल्यांचा. १८५६ पासूनच्या बर्बेरीने २०१८ मध्ये अक्षरांच्या शेपट्या छाटून ठळक, सपाट लोगो केला. तोवर सँ लोराँ, बालेन्सियागा याच न्हाव्याकडे जाऊन आलेले, मागोमाग बाल्मेनही गेलं. नावं झाकली तर कोण कुठला ते कळेना. २०२३ मध्ये बर्बेरीने शेपट्या परत आणल्या, जुना घोडेस्वारही परत आणला. रेल्वेची अक्षरं सगळीकडे दिसली तर प्रवाशाची सोय होते. हजारो पौंडांच्या कोटावर शेजाऱ्याचीच अक्षरं दिसली तर गिऱ्हाईकाने पैसे कशाचे मोजायचे?

आणि आपली शिरोरेषा

ब्रिटनमधल्या करी हाऊसची पाटी मराठी माणसाने एकदा तरी बघावीच. अक्षरं रोमन, पण डोक्यावर शिरोरेषा आणि पोटात देवनागरीचे बाक! ‘समरकन’ हा त्यातला सगळ्यांत गाजलेला फॉन्ट. डोळे सवयीने देवनागरी वाचायला धावतात, ‘ट’ की ‘त’ म्हणून अडखळतात आणि मग कळतं की हा तर ‘ताजमहाल तंदुरी’! त्यात अशी बरीचशी हॉटेलं मूळची सिल्हेटच्या बांगलादेशी मंडळींनी काढलेली. म्हणजे खानसामा बंगाली, पाटी नकली देवनागरी, गिऱ्हाईक इंग्रज, आणि फॉन्टच्या नावातलं समरकंद उझबेकिस्तानात. मुंबईच्या इराणी हॉटेलांचा थाट घेऊन २०१० मध्ये लंडनमध्ये ‘दिशूम’ आलं, त्याच्या नावावर मात्र शिरोरेषेचा पत्ता नाही. रांगा तरीही लागतात.