वीरगळ आणि शेंदूर

नांदेड-लातूरकडील गावांत जुन्या देवळाच्या आवारात, वेशीशी, पाराच्या कडेला कोरीव दगड दिसतात. कुठे त्यांना मारुती म्हणतात, कुठे म्हसोबा, तर कुठे त्यांच्यावर धुणे आपटतात. त्यांतले पुष्कळसे वीरगळ होत. शब्द कानडी वळणाचा. 'कल्लु' म्हणजे दगड. लढताना पडलेल्या माणसाचा हा दगड. राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव ह्यांच्या काळात असे दगड गावोगाव उभे राहिले.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या कप्प्यात तो मरून पडलेला. कधी शेजारी गाई, म्हणजे गुरे सोडवताना गेला. त्यावर लढाई. त्याच्यावर अप्सरा त्याला नेताहेत. माथ्याशी तो शिवलिंगापुढे बसलेला आणि वर चंद्रसूर्य.

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत. आपल्याकडचे बहुतेक मुके. नाव नाही, कूळ नाही. मग हा कोण? 'कोणी सरदार असावा' हे उत्तर फार लवकर दिले जाते. गुरांमागे धावणारा सरदारच कशावरून? पुढच्या काळातल्या गावगाड्यात शीव दाखवणे, वेशीवर जागणे, परक्याची वर्दी देणे ही कामे महाराकडे होती. म्हणून प्रत्येक वीरगळ महाराचा, असे मी म्हणणार नाही. पुराव्यावाचून पूर्वज उसने घेण्याची खोड प्रस्थापितांची. ती आपण उचलू नये. पण तो उच्चवर्णीयाचाच, असे धरून चालणाऱ्यापाशी तरी कोणता पुरावा आहे?

देऊळ पडले, वेस ढासळली की घडीव दगड फुकटचा. तो पायरीला गेला, भिंतीत गेला, विहिरीवर गेला. ह्यात दगड झिजला, एवढेच. शेंदराने मात्र अर्थच बदलला. पुटावर पूट चढून गाई बुजल्या, लढाई बुजली, माणसाचा देव झाला. देव झाला तसे सोवळे आले, आणि वेशीवर राखण करणाऱ्यालाच त्या दगडाला हात लावायची बंदी झाली.

नाव कोरलेले असले म्हणजे काय होते, ते कोरेगावच्या स्तंभावर दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे तिथे आहेत, आणि त्यांतली बावीस 'नाक' ह्या प्रत्ययाने संपतात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, ते ह्या नावांपाशी.

आमच्या मुलांना मी एवढेच सांगतो: शेंदूर खरवडू नका, भांडण होईल आणि दगडही जाईल. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या दगडाचे जुने नाव विचारा, आणि तळाचा कप्पा उघडा असेल तर आधी त्याचा फोटो काढा.