टीव्हीचा आवाज ज्याच्या त्याच्या कानी

वन बीएचकेच्या घरात रात्री नऊ वाजता टीव्ही लागला, की त्याचा आवाज किती असावा यावर एकमत होणं कठीण. आजोबांना संवाद कळत नाहीत म्हणून आवाज चढतो, दहावीच्या मुलाचं पुस्तकातलं लक्ष उडतं, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याची झोपमोड होते. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम परिसरातल्या आवाजासाठी असला, तरी रात्रीची शांतता म्हणजे काय याचा अंदाज त्यावरून येतो. कारण माणसाचं साधं बोलणंच साठ डेसिबलच्या आसपास असतं. या रोजच्या कुरबुरीवर हजार-दीड हजार रुपयांचा वायरलेस हेडफोन हा खरोखर चांगला उपाय आहे. टीव्हीसाठी याहून महागाची बहुतेकांना गरज नसते. मात्र तो निवडताना आपण सहसा भलत्याच गोष्टी तपासतो.

स्वस्त हेडफोन का पुरतो, हे कळायला म्हाताऱ्या माणसांना टीव्ही का ऐकू येत नाही हे आधी पाहावं लागतं. वयाबरोबर कान सगळाच आवाज सारखा गमावत नाही. आधी जातात ते उंच पट्टीतले ध्वनी. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे खालच्या पट्टीतले असल्यामुळे शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘थ’, ‘फ’ यांची धार मात्र बोथट होते. म्हणूनच ‘आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत’ ही तक्रार इतक्या घरांत ऐकू येते. त्यात टीव्ही आठ-दहा फुटांवर, खाली फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती. संवाद भिंतींवर आपटून, एकमेकांत मिसळून कानाशी येतो. वर पार्श्वसंगीत, पंखा, कुकरच्या शिट्ट्या. अशा वेळी आवाज वाढवला तर संवादाबरोबर हा घुमाराही वाढतो. हेडफोन मधलं अंतर आणि खोली दोन्ही वगळतो. शब्द थेट कानाशी येतात आणि पुष्कळदा कमी आवाजातही कळतात. शिवाय बोलणं कळण्यासाठी लागणारा ध्वनीचा पट्टा फार रुंद नसतो. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं झालं. आजचा साधा नेकबँडही याहून कितीतरी जास्त ऐकवतो. खोक्यावर ठळक छापलेला दणदणीत बास गाण्यांना शोभतो. मालिका आणि बातम्यांत तो शब्दांवर कुरघोडीच करतो.

खरी अडचण आहे ती उशिराची. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो आधी आकसला जातो, तुकड्यातुकड्यांनी हवेतून जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडतो. मध्ये तुटू नये म्हणून थोडा आवाज राखीवही ठेवला जातो. एसबीसी या सर्वसाधारण पद्धतीत या सगळ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. पडद्यावर ओठ मिटतात आणि शब्द मागून येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पण खपवून घेण्यालाही हद्द आहे. ज्याला कमी ऐकू येतं तो नकळत ओठ वाचत असतो, त्यामुळे हा उशीर त्यालाच सगळ्यात जास्त नडतो. स्मार्ट टीव्हीतली अ‍ॅप्स अनेकदा हा उशीर ओळखून चित्र तेवढंच थांबवतात. सेट टॉप बॉक्सवरून येणाऱ्या वाहिनीला बहुधा ही सोय मिळत नाही. टीव्हीच्या सेटिंगमधला ध्वनिविलंब बहुतेक वेळा आवाज आणखी मागे नेतो, पुढे आणत नाही. हेडफोनमधल्या ‘गेम मोड’ने उशीर कमी होतो, पण राखीव आवाज घटल्यामुळे मधूनमधून तुटण्याची शक्यता वाढते. त्यामुळे घेण्याआधी आपल्याच टीव्हीला जोडून, वाहिनीवरच्या बातमीदाराच्या ओठांकडे पाहत दोन मिनिटं ऐकणं हीच खरी परीक्षा. दुकानात ते जमत नसेल, तर परत घेण्याची मुदत विचारूनच घ्यावा.

ज्या टीव्हीत ब्लूटूथ नाही, त्याला छोटा ट्रान्समीटर जोडता येतो. इथे एक तपशील फार कामाचा आहे. ट्रान्समीटर हेडफोनच्या भोकात लावला तर टीव्हीचा स्पीकर बहुधा बंद होतो. ऑप्टिकल किंवा लाल-पांढऱ्या ऑडिओ आउटमध्ये लावला तर सहसा चालू राहतो. ऑप्टिकलला लावल्यावर आवाज आलाच नाही, तर ध्वनी सेटिंग ‘पीसीएम’वर न्यावं. ब्लूटूथच्याच ‘अ‍ॅपटीएक्स लो लेटन्सी’ या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ती सोय ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांतही हवी. एकाच बाजूला असून उपयोग नाही.

मग साधी वायरच का नको? वायरला उशीर नाही, चार्जिंग नाही, आणि एकट्या माणसाला खुर्ची टीव्हीजवळ घेता येत असेल तर तीच उत्तम. पण माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेत आडवी वायर म्हणजे म्हाताऱ्यांच्या पडण्याला आमंत्रण. हेडफोनमुळे कान बिघडतील ही भीती याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते. लोकलच्या खडखडाटात आवाज चढवावा लागतो, शांत घरात लागत नाही, म्हणून घरी हा धोका आटोक्यात ठेवणं सोपं आहे. तरीही आवाज टोकाला नेऊनच शब्द कळत असतील, तर कानांची तपासणी करून घ्यायलाच हवी. असा साधा हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. गेलेली पट्टी ओळखून तेवढीच वाढवणं त्याला जमत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत कानात बुरशी धरणाऱ्यांनी कानात खोचायच्या बोंडांऐवजी कानावर बसणारा प्रकार घ्यावा.

हेडफोनमुळे घरातलं माणूस एकटं पडतं, हा आक्षेप मनाला लागणारा आहे, आणि स्पीकर बंद करून एकानेच ऐकलं तर तो खराही ठरतो. पण स्पीकर बाकीच्यांसाठी हळू चालू ठेवून आजीच्या कानात तिला हवा तेवढा आवाज दिला, तर तीच मालिका सगळे एकत्र पाहतात, एकाच विनोदाला एकत्र हसतात. आवाजावरून वाद घालून आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं बाहेर बोलावता येतं. काही टीव्हींत ब्लूटूथ आणि स्पीकर एकाच वेळी चालू ठेवायची सोय ध्वनी सेटिंगमध्ये असते, पुष्कळांत नसते. नसेल तर ऑडिओ आउटला लावायचा ट्रान्समीटर हाच मार्ग आणि त्याचे पैसे हेडफोनच्या किमतीत आधीच धरावेत.