फेटा की पावले

लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आजच्या रुंद पडद्याजोग्या करून देणारे एक गृहस्थ नगरात चितळे रस्त्यालगतच्या बोळात बसतात, एवढ्याच माहितीवर संपादकांनी मला धाडले. परंतु निघताना माझ्या मनात एक घरगुती हळहळही होती. थोरल्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट काही वर्षांपूर्वी आम्ही अशीच एका ठिकाणी ‘फुल स्क्रीन’ करून घेतली, तेव्हा जन्मभर काटक असलेले आमचे वडील पडद्यावर इतके स्थूल दिसू लागले, की आईने ते चित्रण पुन्हा म्हणून लावू दिले नाही.

या तक्रारीचे मूळ फार जुने आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने १८९२ च्या सुमारास ३५ मिलिमीटरच्या फितीवर चार छिद्रांइतक्या उंचीची जी चौकट बसवली, तिचे रुंदीस चार, उंचीस तीन हे प्रमाण पुढे दूरचित्रवाणीने उचलले. चित्रगृहे १९५३ च्या ‘द रोब’पासून आणि आपल्याकडे १९५९ च्या ‘कागज के फूल’पासून सिनेमास्कोपच्या विस्ताराकडे वळली, तरी घरातला पडदा तसाच राहिला. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यामागोमाग लग्नघरांत व्हिडिओ कॅमेरा शिरला, तो याच चौकटीचा अंमल घेऊन. आजचा पडदा सोळास नऊ.

काका (सारा बोळ त्यांना याच नावाने ओळखतो) आता साठीच्या घरात आहेत. तरुणपणी राहुरी, पारनेर, शेवगावपर्यंतची लग्ने त्यांनी स्वतः खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपली. त्यांनी मला हिशेब समजावला. चित्र आडवे ताणावे, तर प्रत्येक माणूस तिसऱ्या हिश्शाने रुंदावतो. माझ्या वडिलांचे हेच झाले होते. आहे तसे ठेवावे, तर १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर दोन्ही अंगांना २४०-२४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात, आणि ‘टीव्ही पूर्ण भरला पाहिजे’ असा गिऱ्हाइकाचा हुकूम असतो. मग तिसरा इलाज कापण्याचा: ५७६ ओळींपैकी ४३२ राखायच्या, १४४ सोडायच्या.

हा चौथा हिस्सा कोठून सोडावा, या एका प्रश्नात काकांचा सारा दिवस जातो. चित्राच्या तळाशी व्हीएचएसचा फाटका, थरथरता काठ असतो. पूर्वी तो टीव्हीच्या चौकटीआड लपे, तो प्रथम जातो. पुढे मात्र प्रत्येक दृश्याची स्वतंत्र तजवीज करावी लागते. अंतरपाट धरला आहे, वधूवर पाटांवर उभे आहेत. वरून कापावे तर नवरदेवाचा फेटा जातो, खालून कापावे तर पाट आणि पाटांवरची पावले. सप्तपदीत तर सारे महत्त्व तांदळाच्या राशींकडे, म्हणजे जमिनीलगत. म्हणून काका राखलेल्या ४३२ ओळींची रुंद खिडकी पावलागणिक खाली सरकवतात आणि सातवे पाऊल पडताच पुन्हा चेहऱ्यांकडे नेतात. त्याआधी सेकंदाला ५० अशी येणारी विषम आणि सम ओळींची अर्धी चित्रे जोडून अखंड करावी लागतात, अन्यथा खिडकी सरकताना ओळींचा क्रम बिघडून चालत्या माणसाला झटके बसतात.

“फेट्यासाठी वर जागा मीच सोडली होती,” ते म्हणाले, “आता मीच ती कापतो.”

मला या नगरीचीच एक पोथी आठवली. हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ १५६५ च्या सुमारास रचलेली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे; तिच्यातल्या कित्येक चित्रांत शहाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून पुढे कोणीतरी पुसून टाकली. तेथे हेतू द्वेषाचा असावा आणि येथे तर निव्वळ हौस आहे. तरीही चौकटीच्या काठाशी पाटाखाली अक्षता वेचणारी एखादी आत्या जाते, ती जातेच.

परंतु काकांची खरी विवंचना प्रमाणाची नाहीच. कपाटातल्या कॅसेटींना बुरशी लागते; कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या काठावर पांढरी भुकटी दिसली, की ती कॅसेट यंत्रात घालायची नाही, कारण एकीची बुरशी हेडमार्गे दुसरीला लागते. यंत्रे तरी कोठली? फुनाई या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. काकांकडे तीन आहेत. दोन तिसऱ्याला सुटे भाग पुरवण्यासाठी. ज्या पिंपावर हेड बसवलेली असतात ते ६२ मिलिमीटर व्यासाचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे. ते पुसताना कापड सपाट धरून पिंप हाताने फिरवायचे, कापड वर-खाली ओढले की हेड तुटलेच. शिवाय फितीत मुळात आडवा तपशील जेमतेम २४० ओळींचा. तो मोठा करताना चेहरे मेणाचे होतात, आणि नव्या सॉफ्टवेअरला स्वच्छ करायला सांगावे तर ते मूळ चित्रात नसलेल्या पापण्या स्वतःच रेखते. काका ते वापरत नाहीत, आणि मला त्यांचे पटते.

गिऱ्हाईक मागो न मागो, ते दोन प्रती देतात: एक रुंद, एक काळ्या पट्ट्यांची, अखंड. कॅसेट फेकू नका असेही बजावतात. पुष्कळ जण ती दुकानातच टाकून जातात, आणि मागच्या फळीवर अशा कित्येक लग्नांचा ढीग साचला आहे.

मी उठलो तेव्हा एका लग्नाची वरात अर्धी व्हायची होती. पडद्यावर एकाएकी पांढऱ्या रेघा उमटल्या, घोडा नाहीसा झाला. काकांनी कॅसेट बाहेर काढली, यंत्राचे झाकण उघडले, दिवा जवळ ओढला आणि स्पिरिटची बाटली शोधू लागले.