गोंयचे सोडवणेचो आवाज : घाटमाथ्यावरचं रेडिओ केंद्र

बेळगावहून सावंतवाडीकडे जाणारा रस्ता आंबोलीचा घाट उतरतो. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला आपल्याकडची माणसं तिथे हटकून जातात. त्याच आंबोलीच्या रानात २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याला इमारत नव्हती, पाटी नव्हती, परवाना नव्हता. ट्रान्समीटर एका ट्रकमध्ये बसवलेला होता. केंद्राचं नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. पोर्तुगीजमध्ये ‘वोझ दा लिबेरदादे’.

त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, व्यापार थांबवला, रेल्वे थांबवली. गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची राजवट, वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉर. सरकारी ‘एमिसोरा दि गोवा’ १९४६ पासून सुरू होतं आणि लिस्बनला हवं तेवढंच सांगत होतं. बाहेर काय चाललंय, मारले गेलेले कोण, आपल्या तुरुंगात पडलेल्या माणसांची कुणाला आठवण तरी आहे का, हे गोव्यातल्या घरात बसून कळायचं कसं? सीमा बंद झाल्यावर पत्रकं नेणंही जिकिरीचं झालं. आवाजाला मात्र नाका अडवू शकत नाही.

यंत्रांची कथाही मोलाची आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांचे वायरलेस संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. त्यांतच फेरफार करून हे केंद्र उभं राहिलं. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस असे तिघे जण सुरुवातीला होते. मिनेझिस लवकरच बाहेर पडले आणि मग डिसेंबर १९६१ पर्यंत हे दोघंच. काही महिन्यांनी मुक्काम आंबोलीहून हलला आणि लोंढ्याच्या पुढे, दूधसागरच्या वर असलेल्या कॅसलरॉकच्या जंगलात गेला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातलं हे रेल्वेचं सीमास्थानक. एका बाजूला आपली वस्ती, दुसऱ्या बाजूला घाटाची धार आणि खाली गोवा.

आपल्या बेळगाव भागातल्या वाचकाला एक गोष्ट लगेच जाणवेल. केंद्र सुरू झालं तेव्हा आंबोली, बेळगाव, निपाणी, कॅसलरॉक सगळं मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि कारवार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि इथल्या माणसांच्या आयुष्यात सीमाप्रश्न येऊन बसला. तो सगळा क्षोभ चालू असताना त्याच पट्ट्यातल्या रानात हे दोघं दुसऱ्या एका सीमेवर बोलत राहिले होते.

प्रक्षेपण सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत. कोकणी गावोगावच्या माणसांसाठी. पोर्तुगीज शिकलेल्या वर्गासाठी आणि खुद्द अधिकारी-सैनिकांसाठी. त्यांनाही लिस्बनबाहेरचं जग कुणीतरी सांगायलाच हवं होतं. उरलेला दिवस त्या दोन तासांच्या तयारीचा. देशोदेशीची रेडिओ केंद्रं ऐकायची, मिळतील ती वर्तमानपत्रं वाचायची, टिपणं काढायची, दोन्ही भाषांत संहिता लिहायची आणि ती स्वतःच वाचायची. लिबियाबाई मुंबईत वाढल्या, कायद्याचं शिक्षण घेतलं, दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉर खात्यात अनुवादाचं काम केलं आणि पुढे आकाशवाणीतही होत्या. सत्ता शब्दांवर पहारा कसा ठेवते, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. पाऊस, जळवा, साप आणि माणसांपासून तुटलेलं जिणं हे सगळं त्यांनी पत्करलं. आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक. अशा ओलीत यंत्र चालतं ठेवणं हीच केवढी कामगिरी!

विलायतेतल्या बीबीसीचा दिवस यापुढे ठेवून पाहावा. १४ नोव्हेंबर १९२२ ला लंडनहून तिचं रोजचं प्रक्षेपण सुरू झालं. तिचे प्रमुख जॉन रीथ यांनी श्रोत्याला घड्याळाची सवय लावली. ५ फेब्रुवारी १९२४ पासून वेळ सांगणारे ग्रिनिचचे सहा ठोके; शिवाय रात्रीच्या बातम्या, मुलांचा तास, नृत्यसंगीत, रविवारी धार्मिक गांभीर्य. वृत्तपत्रांचा धंदा बुडू नये म्हणून संध्याकाळपूर्वी बातम्या द्यायच्या नाहीत, असं बंधनही तिने सुरुवातीला पाळलं. १९३९ पर्यंत तिथे सुमारे ९० लाख परवाने झाले होते. या अवाढव्य संस्थेचं आणि रानातल्या ट्रकचं एकच खरं नातं मला दिसतं : ठरल्या वेळी आवाज आलाच पाहिजे. लंडनच्या श्रोत्याची वेळ चुकली तर फार तर करमणूक हुकली. गोव्यातला श्रोता दारं लावून, आवाज बारीक करून, पोलिसांची धास्ती बाळगून संचाशी बसत असणार. त्याच्यासाठी आवाज न येणं म्हणजे पलीकडची माणसं पकडली गेली किंवा खचली, असा निरोप. म्हणून या केंद्राचं खरं बळ मला त्याच्या भाषणांपेक्षा त्याच्या नेमात वाटतं. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ सुमारे तीन महिने टिकला आणि तेवढ्यानेही तो अजरामर झाला. हे केंद्र सहा वर्षं चाललं, तरी बेळगावात या केंद्राचं नाव क्वचितच निघतं. ते दुखणारं आहे.

रानातले ते दोघं काय सांगायचे? पोर्तुगीज प्रचाराला उत्तर. आफ्रिका-आशियातल्या वसाहती एकेक करून कशा सुटताहेत याच्या बातम्या. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश ‘स्वयंशासन नसलेले’ ठरवले. लिस्बन त्यांना आपले ‘सागरपार प्रांत’ म्हणत होतं. १९६१ मध्ये अंगोला पेटला. गोव्यातल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळणं, हे त्या तासाभराचं सगळ्यात मोठं देणं होतं.

डिसेंबर १९६१ मध्ये बेळगाव लष्कराने गजबजलं. गोवा मुक्त करण्याच्या कारवाईची सूत्रं इथून हलत होती, सांबऱ्याच्या विमानतळावर हंटर विमानं उभी होती. रानातल्या दोघांनाही बेळगावला आणण्यात आलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला शरण येण्याचा संदेश त्यांनी इथून वारंवार प्रक्षेपित केला. १८ डिसेंबरला सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उद्ध्वस्त केलं. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

मग ध्वनिवर्धक बसवलेल्या एका विमानातून वामन आणि लिबिया गोव्यावर उडाले, पत्रकं टाकली आणि गोवा मुक्त झाल्याचं पोर्तुगीज आणि कोकणीतून जाहीर केलं. सहा वर्षं जे दारं लावून ऐकलं ते आता कुणीही अंगणात उभं राहून ऐकू शकत होतं. पुढे १९६४ मध्ये दोघांनी लग्न केलं. वामनराव अंगोलात भारताचे राजदूत झाले, १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि दोन वर्षांनी ते गेले. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण झाल्यावर.